मशिदीची खिडकी

खिडकीवरून शेजाऱ्यांची भांडणं म्हणाल तर मी एक पाहिलंय. स्वातंत्र्याच्या जरा आधी मी खर्डा गावात गवंडीकाम करायचो. तिथल्या मशिदीत अंधार फार, म्हाताऱ्या मौलवींना कुराण वाचता येईना. म्हणून दक्षिणेच्या भिंतीत खिडकी पाडायला घेतली. तोच पलीकडच्या अंगणातून म्हादू शेतकरी ओरडत आला.

"मौलवीसाब, हितं आमच्या बाया न्हात्यात!"

मौलवी म्हणाले, "मग डोक्याच्या वर काढू."

तशी काढली. पण म्हादूच्या कडुलिंबाची फांदी आड आली, उजेड येईना. मौलवींनी कुराण मिटून ठेवलं. सकाळी बघतो तर म्हादूच कुऱ्हाड घेऊन झाडावर.

मी विचारलं, "तुझीच हरकत होती ना?"

"नजरंला हुती," तो म्हणाला, "उजेडाला न्हाई."