पहिलं हसू जुन्या फोनात

दोन हजार नऊची दिवाळी नुकतीच सरली होती. कसबा बावड्यातल्या दवाखान्यात लसीच्या रांगेत मी बाळीला मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या बाकावर दोघी बहिणी. धाकटीच्या मांडीवर बाळ आणि हातात कोरा टचस्क्रीन फोन.

"अक्का, भाऊबीजेला ह्यांनी दानूवन्सांसाठी ह्यो नवा फोन आणलता. मला म्हणाले, तू आपला गेल्या सालचाच वापर."

"मग ह्यो तुझ्या हातात कसा?"

"वन्सांनी ओवाळल्यावर ह्यांनी खोकं ताटात ठेवलं. त्यात मी आधीच जुना भरलेला."

"अगं बया! तुझं मालक काय म्हणाले?"

"सगळ्यांम्होरं काय म्हणतील?"

"मग जिंकलीस की. तोंड का पाडलंयस?"

"ह्याच्या पहिल्या हसण्याचा व्हिडिओ त्या जुन्यातच ऱ्हायला, अक्का."

"मागून घे. ब्लूटूथनं येतंय की."

"मागितला. वन्सं म्हणाल्या, 'ओवाळणी परत मागत न्हाईत, वैनी. तुमच्याकडं नवा फोन हाय, नवं हसू काढा.' आता साऱ्या गल्लीला दावत्यात, 'बघा, आत्याला बघून कसा हसतोय.' आत्याला! समोर मी हुते की, मी!"

"हळू बोल, लोक बघाय लागल्यात."

"बघू देत. ए सोन्या, हिकडं बघ. हास की रं. आईला बघून हास."

फोन तोंडासमोर येताच त्यानं ओठ काढले. माझी बाळी मात्र त्या चकाकत्या फोनाकडे बघून खुदकन हसली.

मी तिचं तोंड हलकेच माझ्याकडे वळवून घेतलं.