मालनमावशींचा फ्रीझर पुन्हा बिघडला

— नाही रे सुशांत, शपथेवर सांगते, आज मी हातसुद्धा नाही लावला. असा बघू नकोस. सकाळी मोदकांचे डबे काढायला दार उघडलं तर आत हा बर्फ, भिंतीला गादी लावल्यासारखा, आणि दाराजवळची कोलंबी चक्क मऊ पडलेली. एवढा कपाटासारखा उभा फ्रीझर, माझ्या सगळ्या ऑर्डरी त्याच्या पोटात — मी कशाला बिघडवीन? काय? गेल्या वेळी? गेल्या वेळी नॉब फिरला असेल पुसताना. आणि त्याआधी दाराच्या रबरात काडी सापडली तुला — काडीच ती, गेली असेल उडून.

हसतोस काय? बरं, घातली. मीच घातली. नॉब पण मीच फिरवला. बस त्या स्टुलावर, बर्फ वितळेपर्यंत नाहीतरी काय करणारेस, सुरीने खरवडायचं नाही म्हणून तूच दम दिलेलास ना. आणि हळू बोल — नाही, तिला ऐकू नाही जात, कानात ते घालून बसलीय, मीटिंग आहे. मानसी माझ्या भावाची मुलगी. गेल्या वर्षी साखरपुडा मोडला, म्हणजे त्या लोकांनी मोडला, तेव्हापासून माझ्याकडे नाहूरला. काम घरून, जेवण खोलीत, बोलणं म्हणजे 'हो आत्या', 'नको आत्या'. मग हा फ्रीझर खरंच बिघडला — अगदी पहिल्यांदा, देवाशप्पथ खरंच, मागच्या जाळीत धूळ बसलेली — आणि तू दुरुस्तीला आलास. तू तिला म्हणालास, मॅडम, भिंतीला इतका चिकटवलाय, हा श्वास कुठून घेणार? ती म्हणाली, या घरात कोणाला घ्यायला मिळतो? आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली रे. मी आत नारळ खवत होते, हात तसाच राहिला माझा. आता तूच सांग, परत धूळ बसायची वाट बघत बसायचं मी? म्हणून काडी. नॉबच्या वेळी तर तू कांजूरहून भर उन्हात आलास आणि तिने तुला कोकम सरबत दिलं — मी सांगितलं नव्हतं हां, तिचं तिने.

पण आता घाई आहे. दादाने कुडाळला एक स्थळ बघून ठेवलंय, रविवारी येतोय तिला न्यायला. ती नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. आणि तू — तू नुसता रबर दाबत बसतोस. लग्न नाही झालेलं तुझं, माहितीये मला. कसं म्हणजे? तुझ्या कार्डावर घरचा नंबर आहे, आईने उचलला. चांगली बाई आहे, एकवीस मोदकांची ऑर्डर पण दिली तिने —

काय सापडलं? कुठे, वर? रबराच्या त्या कोपऱ्यात? बघ, म्हणजे मी नाहीच, तिथे माझा हात पोचतो का? स्टूल घेऊन चढावं लागतं मला. आण इकडे. क्लिप? केसांची क्लिप आहे ही. माझ्या अंबाड्याला काळे आकडे असतात बाबा, ही निळी, फुलाची, या वयात मी कुठे —

...

मानसी. अगं मानसी, कानातलं काढ जरा. सुशांतला काहीतरी सापडलंय फ्रीझरमध्ये, तुला विचारायचंय म्हणतो. — तू ऊठ रे, शर्टाला पाणी लागलंय ते झटक. मी? मी खाली चाललेय, नारळ आणायला. वेळ लागेल मला. कोलंबीची काळजी तू नको करू, ती आजच शिजवते, जेवायला थांब. जा आता. जा ना आत.