होडी मोकळी नव्हती

(बेटावरचं घर. काका खाटेवर पडून आहेत. महिन्यापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. आत्या त्यांना चमच्याने पाणी पाजते आहे. आरोग्याच्या पाहणीसाठी दुसऱ्यांदा आलेली भाची शेजारी बसली आहे.)

आत्या : झालं ना विचारून? मग चहा टाकते.

भाची : एकच राहिलं. काकांचा हात लुळा पडला सकाळी, आणि पलीकडे दवाखान्यात पोचलात दिवेलागणीला. मधे एवढा वेळ कुठे गेला?

आत्या : होडी नव्हती, असं लिही.

भाची : होडी तर रोज असते.

आत्या : असते गं. त्या दिवशी मोकळी नव्हती. साखर किती घालू?

भाची : टाळू नकोस, आत्या. आजाऱ्याला होडी मिळत नाही म्हणजे काय? हेच तर शोधायला आलोय आम्ही. कुणी अडवली ते सांग, मी सोडणार नाही त्याला.

आत्या : अगदी बापावर गेलीयेस! अगं, मागच्या खेपेला तुम्ही आलात ना, त्याच दिवशीची गोष्ट. तुम्ही त्या टोकाच्या वस्तीत होतात...

भाची : म्हणजे होडी आमच्याकडे होती.

आत्या : शेजारीण पळत गेली तिथल्या धक्क्यावर. होडीवाला बिचारा कासावीस झाला. पण म्हणाला, मॅडमनी बजावलंय...

भाची : ...कुणी काहीही सांगितलं तरी हलायचं नाही. मीच बजावलं होतं. पण मी धक्क्यासमोरच्याच ओसरीवर होते, आत्या! मला हाक का नाही मारली?

आत्या : मारणारच होती. पण आधी मला विचारायला परत आली, आणि मीच नको म्हटलं. तुझ्याबरोबर सगळे साहेबलोक. त्यांच्यासमोर तुझी मान खाली नको जायला. वाटलं, मुंग्या आल्या असतील हाताला, जातील.

भाची : आणि मी तिथे बायकांना विचारत होते, वेळेवर होडी मिळते का म्हणून. लाज वाटते गं मला. काकांकडे बघवत नाही.

आत्या : बघ की. ओळखतात ते. मघाशी तू आलीस तेव्हा डोळे भरले त्यांचे.

भाची : तू मला चार शिव्या तरी घाल.

आत्या : घालून काय हात हलणार आहे त्यांचा? बरं, एक विचारू? रागावू नकोस हं.

भाची : विचार ना.

आत्या : उद्या यांना तपासणीला बोलावलंय. होडी तुम्हाला लागणार असेल, तर आम्ही परवा जाऊ.