हिरव्या पट्ट्याचं घड्याळ

काय सांगू तुम्हाला, मला घड्याळ बघता यायला लागलं ते लग्नानंतर. माझं माहेर नांदगाव तालुक्यातलं, रुळाच्या कडेचं गाव, आमच्या घरी घड्याळ नव्हतंच, सकाळची गाडी गेली की शेरडं सोडायची, दुपारची मालगाडी गेली की भाकरी सोडायची, आन् गाडी लेट झाली तर आमचं अख्खं गाव लेट. हसता काय, खरं सांगते. मंग देवळ्याला दिली मला, कांद्याचं घर, पन आमच्या मालकांचं आन् थोरल्या दिरांचं पटलं नाय, मालक नाशकात आले, अंबडला कंपनीत लेथ मशीनवर लागले, आन् पहिल्या बोनसमधून काय घेतलं तर चावीचं घड्याळ. मी म्हनलं मिक्सर घ्यायचा तर घड्याळ घेतलं, लय भांडले मी त्या दिवशी.

पन त्यांना जीव त्याच्यावर. मशीनवर घड्याळ घालू देत नाय, हात अडकला तर संपलंच, म्हनून ते काढून रुमालात बांधून डब्याच्या पिशवीत ठेवायचे, सुटी झाली की आधी घड्याळ हातात, मंग हात धुनं. रोज सकाळी चहाच्या आधी चावी. त्यांनीच मला शिकवलं, लहान काटा काय, मोठा काटा काय, आन् चावी कुठं थांबवायची ते बोटाला कळतं म्हनायचे, जोर लावायचा नाय.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिथल्या नर्सनं घड्याळ माझ्या हातात दिलं, आन् ठेवू कुठं, मी आपलं मनगटात घातलं. दहाव्याला रामकुंडावर बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, तेव्हा कुठं शुद्ध व्हती मला. पन मोठ्या जाऊबाईंनी घड्याळाला हात घातला तसा मी हात मागं ओढला. त्या म्हनल्या सुमन, पुरुषाचं घड्याळ हाय, तू काय करशील त्याचं. मी म्हनलं, वेळ बघीन.

तेव्हापासून रोज घालते. मी पॅकिंगला हाय एका कंपनीत, अंबडलाच. आता त्याची स्टीलची चेन मला लय ढिली, हात वर केला की घड्याळ कोपरापाशी जायचं. दुकानदार म्हनला तीन कड्या काढून टाकू. मी म्हनलं नाय, ते त्यांच्या मनगटाचं माप हाय, ते कापायचं नाय. मंग रुमाल गुंडाळून वरून घालायची, येडी म्हना.

आमच्या कंपनीत सोनवणे साहेब हायेत, क्वालिटीला, पोराएवढे हायेत माझ्या पन साहेब ते साहेब. त्यांना घड्याळांचा नाद. घड्याळ एकच, पन पट्टा आज तपकिरी, उद्या निळा, परवा कापडाचा. त्यांनी माझा रुमाल बघितला, म्हनले मावशी, रविवारी या आमच्याकडं, गंगापूर रोडला एका चहाच्या दुकानात आम्ही दहा-बारा जन जमतो, तुमच्या घड्याळाला पट्टा बघू. मी म्हनलं मी काय करू तिथं मोठ्या लोकांत. पन त्याच आठवड्यात देवळ्याहून जाऊबाईंचा फोन आला.

सागरचं लग्न, माझ्या पुतन्याचं. दोन वर्षं माझ्याकडं राहून आयटीआय केलं त्यानं, माझ्या हातचा डबा खाऊन. जाऊबाई म्हनल्या, ये हो लग्नाला, पन हळदीला, बांगड्या भरायला पुढं पुढं करू नको, मागं बस, लोकं नावं ठेवतात. आन् येताना घड्याळ आन, तुझे दीर म्हनतात काकाचं घड्याळ नवरदेवाच्या हातात पाहिजे, घरातली वस्तू घरात येईल. म्हनजे मला मागं बसवायचं आन् घड्याळ पुढं न्यायचं! फोन ठेवला आन् असा संताप आला मला, काय सांगू.

गेले मंग रविवारी. त्यांचा तिथं नेम असा की कपाटातलं भारी घड्याळ आनायचं नाय, रोज हातात असतं तेच काढून टेबलावर ठेवायचं आन् का घालता ते सांगायचं. एक रिटायर ड्रॉइंगचे सर व्हते, त्यांचं रोज दहा मिनिटं पुढं जातं, म्हनले बायको लवकर तयार होते त्यानं, दुरुस्त करत नाय. माझी पाळी आली तर मी म्हनलं, मालकांचं हाय, ते गेले, आता माझं हाय. एवढंच. तर सगळी एकदम वाकली घड्याळावर, काच बघतात, चावी बघतात, कानाला लावतात, आन् एवढं बरं वाटलं मला, चार वर्षांत माझ्या हाताकडं कोनी असं बघितलं नव्हतं.

मंग पट्ट्यांचा ट्रे काढला. सोनवणे साहेब म्हनले मावशी काळा घ्या, साधा, तुम्हाला शोभेल. ड्रॉइंगचे सर म्हनले चेन ओरिजिनल हाय, बदलूच नका. मी म्हनलं सर, ओरिजिनल तर आमचे मालक व्हते. चेन राहील कपाटात, त्यांच्या मापाची तशीच, पन घड्याळ मला वापरायचं हाय. आन् मी हिरवा उचलला. चुड्याचा असतो तसला हिरवा, चामड्याचा. साहेबांनी तोच पट्टा घातला, एक भोक जास्तीचं पाडलं. मनात राग व्हता म्हनून हिरवा घेतला, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या आदल्या दिवशी देवळ्याला मांडवात कासार आला बांगड्या भरायला. बाया वळीनं बसलेल्या, मी मागं, खांबाजवळ, सांगितल्याप्रमानं. कासार म्हातारा मानूस, तो काय तोंडं बघत नाय, हात बघतो, हात दाबतो, माप ठरवतो, बांगडी सारतो, पुढं. वळ संपली, त्याला माझ्या मनगटाचं हिरवं दिसलं, आन् त्यानं सरळ माझा हात धरला. म्हनला ताई, हे उतरवा, बांगडी जायची नाय. जाऊबाई वरडल्या, अहो त्यांना नाय भरायच्या! तेव्हा त्यानं वर माझ्या कपाळाकडं बघितलं. म्हनला चुकलं ताई, हिरवं दिसलं मला. मी म्हनलं चुकलं नाय भाऊ, घड्याळ राहू द्या, उजवा हात घ्या, भरा. तो म्हातारा म्हनला, मी हात धरला की रिकामा सोडत नाय. आन् भरल्या त्यानं. एकेक करून, निवांत.

जाऊबाई आत निघून गेल्या. थोरले दीर आले, म्हनले शोभतं का हे, ते जाऊ दे, घड्याळ दे. मी म्हनलं भाऊजी, घड्याळ मी द्यायची नाय. सागरला मी माझ्या पगारातून नवं आनलंय, चावीचंच, त्याचं त्यानं जुनं करावं. सागरनं बापाकडं बघितलं नाय, हात पुढं केला आन् घालून घेतलं. पट्टा काळा घेतला व्हता त्याला, साधा. त्याला शोभला.

आता जाऊबाईंचा फोन येत नाय. नसू दे. लोकं म्हनतात सुमननं घराची लाज घालवली. लाज अशी पट्ट्यानं जात असती तर पट्टा विकनाऱ्यानं किती घरं बुडवली असती! बांगड्यांतल्या दोन पॅकिंगला पिचकल्या, बाकीच्या घालते सनावाराला, माझ्या मनाला वाटलं तर.

मागच्या महिन्यात सागर सुनेला घेऊन आला. पोरगी गोड हाय, बीएस्सी झालेली. पाया पडली, आन् पडून तशीच वाकून राहिली, आशीर्वादाची वाट बघत. आता अशा वेळी बायांनी काय म्हनायचं असतं ते तुम्हाला माहीत हाय, मी नवी नवरी पाया पडले तेव्हा मलाही तेच दिलं व्हतं सगळ्यांनी, अखंड सौभाग्यवती, त्याचं पुढं काय झालं तेही माहीत हाय. मी तिला उठवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आन् म्हनलं, पोरी, ह्या हातांत काय घालायचं आन् काय उतरवायचं, ते शेवटपर्यंत तूच ठरव.