दुसरी फुलदाणी

लायडनच्या शनिवारच्या बाजारात हेस्तर फुलांच्या गाडीपुढे रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारेबुवा होते, आणि त्यांचा आवाज काही हळू नव्हता.

"ट्रेन्ये, तुझ्या ट्युलिपना यंदा झालंय तरी काय? दोन दिवसांत माना टाकतात."

"देठ कापून ठेवता ना?"

"ठेवतो."

"आणि पाणी?"

"रोज बदलतो. लीस्बेथ होती तेव्हा आठवडाभर टिकायची गं. आता घरालाच माझा कंटाळा आलाय, असं वाटायला लागलंय."

"काहीतरीच काय, वाउटरकाका! सोबत दुसरं काही ठेवता का?"

"डॅफोडिल. त्याच फुलदाणीत."

"अहो! त्यांच्या ताज्या देठांतून चीक गळतो. त्यानं मरतात ट्युलिप. काकू दोन्ही वेगळी ठेवायच्या ना?"

"हो. एक टेबलावर, एक खिडकीत. मला वाटायचं, तिची हौस."

"मग दुसरी फुलदाणी कुठंय?"

"कपाटात. एकट्याला दोन कशाला, म्हटलं."

"आजच बाहेर काढा."

"म्हणजे घराचं काही नाही ना?"

"घर बिचारं काय करणार?"

म्हातारेबुवा एवढ्या मोठ्यांदा हसले की हेस्तर दचकलीच.

"दे मग दोन्हींची एकेक जुडी. आणि एकत्र बांधू नकोस हं, लीस्बेथ रागावेल."