राज्याचा विषय

ताई : दार लावून घे आधी. आणि हळू बोल, पलीकडे पेशंट झोपलेत. कायदा रद्द म्हणजे कधीपासून रद्द? आजपासून ना?

धाकटा : नाही ताई, पहिल्या दिवसापासून. न्यायालय म्हणालं, केंद्राच्या संमतीशिवाय असा कायदा करायचा अधिकार राज्याला नव्हताच. म्हणजे तो कायदा कधी झालाच नाही.

ताई : झाला नाही कसा? भिंतीवर चिकटवलाय की मी! डॉक्टर नसतील तेव्हा प्रशिक्षित नर्सने मॉर्फिन द्यावं. वर्षभर देतेय. प्रत्येक इंजेक्शनपुढे रजिस्टरात माझी सही आहे.

धाकटा : तेच रजिस्टर न्यायला येतायत. केंद्राच्या औषध खात्याची गाडी निघालीय. आमच्या कायदा खात्यात कळलं तसा पळत आलो. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

ताई : या हातांनी वीस वर्षं शिरा शोधल्या. अटक करतील?

धाकटा : करू शकतात. केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे. वकील म्हणतात, मागचं तू राज्यावर विश्वास ठेवून दिलंस, ते बहुतेक माफ होईल.

ताई : बहुतेक! वा रे वा. सरकारात एवढी शहाणी माणसं बसलीत, विषय कुणाचा हे एकालाही कळलं नाही?

धाकटा : ते बघायचं काम एकाचंच असतं. मसुदा लिहिणाऱ्याचं. प्रत्येक फाइलवर पहिली एक चिठ्ठी असते आमच्याकडे. तिच्यावर एवढंच लिहायचं, विषय केंद्राचा, राज्याचा की दोघांचा. दोघांचा लिहिलं की फाइल केंद्राच्या संमतीला जाते, दोन-दोन वर्षं परत येत नाही. राज्याचा लिहिलं की पुढे कुणी चिठ्ठी उलटूनही बघत नाही.

ताई : या फाइलची चिठ्ठी कुणी लिहिली?

धाकटा : ताई, आधी औषधाच्या कपाटाचं बघू.

ताई : कुणी लिहिली, विचारतेय मी.

धाकटा : मी. दवाखाने राज्याकडे असतात, म्हणून 'राज्याचा' लिहिलं. मॉर्फिन अमली औषध, त्याचा विषय दोघांचा, हे माहीत होतं मला.

ताई : माहीत होतं? आणि सख्ख्या बहिणीला वर्षभर सह्या करू दिल्यास?

धाकटा : बाबा दुखण्यानं ओरडत होते गं. आठवतं ना? औषध तुझ्या कपाटात, डॉक्टर तीन तासांच्या वाटेवर, आणि तू त्यांच्या उशाशी नुसती हात धरून. दोन वर्षं कुठून आणणार होतो मी?

ताई : कायदा आला तेव्हा बाबांना जाऊन महिना झाला होता.

धाकटा : हो.

ताई : गाढवा. रडू नकोस आता. मला धीर द्यायचा सोडून स्वतःच काय रडतोस?

धाकटा : कपाटाची किल्ली दे माझ्याकडे. चारचं इंजेक्शन देऊ नकोस. निकाल माहीत असताना दिलंस तर कुणीच वाचवू शकणार नाही तुला.

ताई : चारचं इंजेक्शन तीन नंबरच्या खाटेवरच्या मुख्याध्यापिकाबाईंचं आहे. दुखणं हाडात उतरलंय त्यांच्या. डॉक्टर सातच्या आत येत नाहीत.

धाकटा : थांबू दे ना तीन तास!

ताई : मला तुरुंगाची भीती वाटते रे. खूप वाटते. पण त्यांना 'थांबा' म्हणायला माझं तोंड उघडायचं नाही. दहा मिनिटं आहेत अजून. जा, तू सांग. चिठ्ठी तुझी आहे.

(धाकटा आत जातो. थोड्या वेळानं परत येतो.)

ताई : सांगितलंस?

धाकटा : बाईंनी मनगट धरलं माझं. म्हणाल्या, मला घड्याळ दिसत नाही, चार वाजले का?

ताई : मग?

धाकटा : वाजले, म्हणालो.