'येतो' या आज्ञेतील दोष

आजच्या सभेच्या अध्यक्षा प्राचार्या अख्तरबानू तांबोळी, व्यासपीठावरील आमचे तरुण सहकारी पुष्कर, समोर बसलेले रसिक, आणि पहिल्या रांगेतून 'आटपा' असं खुणावणाऱ्या आमच्या सौभाग्यवती मैनाबाई,

सत्काराला उत्तर द्यायचं, तर आधी सत्काराचं कारण सांगतो. संगणकाला मराठीत आज्ञा लिहून कामाला लावणारा 'शिंपला' हा आपला प्रोग्रॅम. कोणीही फुकट घ्यावा, चूक दिसली तर कळवावी, जमलं तर स्वतः दुरुस्त करावी. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यातच गेली.

त्यातून बाहेर पडायला कोणता शब्द ठेवावा? 'जातो' सरळ होता. पण उंबऱ्यावर 'जातो' म्हणायला जीभ वळेल का? मी 'येतो' ठेवला. लगेच सदाशिव पेठेतून कादंबरी नावाच्या विद्यार्थिनीची तक्रार: "काका, मी काय 'येतो' म्हणू?" खरंच की! मग शिंपल्याने नुसतं 'ये' वाचावं, पुढचं ज्याचं त्याने लिहावं, अशी दुरुस्ती केली. त्याच आठवड्यात पुष्करने चालू शिंपल्याच्या आत नवा शिंपला उघडायला 'ये' ही आज्ञा जोडली. झालं! कादंबरीने पुन्हा लिहिलं, "नऊ वेळा 'येते' म्हटलं. नऊ शिंपल्यांच्या आत बसले आहे. जेवायला तरी सोडा."

मी हसलो. मैना हसली नाही. म्हणाली, "तुमचं वेगळं काय आहे?"

तीनदा मी हे काम सोडायला निघालो. तीनदा "काका, एवढं एकच बघा" झालं. आणि आज, निरोपाला म्हणून बोलावलंत आणि मानपत्रात पुष्करने वाचलं: 'आजीव सांभाळकर्ते'. टाळ्या झाल्या. सवयीने मीही हात जोडले.

अहो, माझ्या डोळ्यांचा मागचा पडदा झिजलाय. शाळेत आम्ही कविता चालीवर म्हणायचो, तेव्हा बाई सांगायच्या, टिंब सुटलं की अर्थ सुटतो. ती दुपार, खिडकीतलं ते ऊन अजून दिसतं. टिंब दिसत नाही. गेल्या महिन्यात दुरुस्ती करताना एक अनुस्वार माझ्या नजरेतून सुटला. कादंबरीच्या प्रबंधात विणकरांच्या मुलाखतींच्या दोन फायली होत्या, 'रंग' आणि 'रग'. टिंब न वाचणाऱ्या शिंपल्याला दोन्ही नावं एकच वाटली. 'रग' साठवताना 'रंग' पुसला गेला. आठ महिन्यांचं काम. या मुलीने तक्रारसुद्धा केली नाही. काकांना वाईट वाटेल म्हणून. मला परवा कळलं.

तेव्हा पुष्कर, लॅपटॉप समोर आहे. शिंपल्यात बदल करण्याचा माझा हक्क आत्ता, इथेच काढून टाक.

काय म्हणतोस? "पुढची आवृत्ती तेवढी निघू द्या, काका"? हसताय सगळे. ही थट्टा नाही.

कादंबरी, तूही आता शिंपल्यात दुरुस्त्या करतेस, हा अधिकार तुलाही आहे. माझ्यावर माया करू नकोस. ऊठ.

उठली. पुष्कर, बाजूला हो, तिला बसू दे.

...झालं? नक्की? पुन्हा एकदा बघ.

अध्यक्षबाईंचे, आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. मला मात्र कळवू नका.